धुरामुळे बाद केलेला फोटो

जीपीएस सांगत होतं की मी तोडलेल्या जंगलात उभी आहे. हातातल्या नकाशावर त्या जागी लाल ठिपका होता, आणि आमच्या नकाशात लाल म्हणजे ‘जंगल तोडून केलेली नवीन शेती’. प्रत्यक्षात माझ्या डोक्यावर ऐनाच्या झाडाची इतकी दाट सावली होती, की यंत्राला सिग्नल मिळायलाच पाच मिनिटं लागली.

मी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं. आकडे तेच आले.

थोडं खाली, उतारावर एक बाई नाचणीची कणसं खुडत होती. पन्नाशी उलटलेली, काटक. बराच वेळ तिने माझ्याकडे दुर्लक्ष केलं. मग राहवलं नाही.

“काय हरवलं गो बाय?”

“जागा शोधतेय.”

“जागा हितंच हाय. ती कुटं जातेय?”

मी तिला नकाशा दाखवला. “मावशी, इथली झाडं कधी तोडली?”

“कंची झाडं?”

“ही. या नकाशात इथली सगळी झाडं तोडलेली दिसतात.”

तिने ऐनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “मंग ह्ये उभं हाय ते काय? भूत?”

ही चांगुणामावशी. पेण आणि रोह्याच्या मधल्या डोंगरात एक ठाकरवाडी आहे, तिथली. नोव्हेंबर महिना होता. आणि तो नकाशा मी केलेला होता.

मी नकाशे करते. सॅटेलाइटने काढलेले फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे आणि त्यात जंगल कुठे, शेती कुठे, पाणी कुठे ते वेगवेगळ्या रंगांत दाखवायचं, हे माझं काम. पेणला एसटी स्टँडच्या मागे आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. त्या सुमाराला आम्हाला एक मोठं काम मिळालं होतं. वनजमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या शेती करणाऱ्या आदिवासींना त्या जमिनीचा हक्क द्यायचा, असा कायदा झाला होता. अट अशी, की ठरलेल्या तारखेच्या आधीपासून ते ती जमीन कसत असले पाहिजेत. ती तारीख होती मोठा पूर आला त्या वर्षीच्या डिसेंबरातली. आता आधीपासून कोण कसतंय, आणि कायद्याचा वास लागल्यावर घाईने झाडं पाडून शेत कोणी केलं, हे ओळखायचं कसं? दोन्ही प्रकारची माणसं असतात. ते सॅटेलाइटवरून ओळखून द्यायचं काम आमच्याकडे आलं.

पद्धत सोपी होती. त्या तारखेच्या जवळचा एक जुना फोटो घ्यायचा. अलीकडचा एक घ्यायचा. जुन्यात शेती, नव्यात शेती, तर दावा खरा. जुन्यात जंगल आणि नव्यात शेती, तर लाल.

या वाडीतल्या एकतीस कुटुंबांचे दावे होते. प्रत्येकाच्या तीन-तीन पट्ट्या, तीन वेगवेगळ्या उतारांवर. माझ्या नकाशात जवळजवळ सगळ्या लाल आल्या होत्या. रिपोर्ट गेलेला होता. तीन आठवड्यांनी पेणला प्रांत कचेरीत सुनावणी होती. मी आले होते ती फक्त रिपोर्टला जोडायला दहा ठिकाणचे फोटो काढण्यासाठी. आमच्या धंद्यात याला ग्राउंड ट्रुथ म्हणतात, म्हणजे कॉम्प्युटर म्हणतो ते जमिनीवर खरं आहे का ते बघणं. हे खरं तर रिपोर्टच्या आधी करायचं असतं. आम्ही नंतर करत होतो. घाई होती, असं कारण मी तेव्हा स्वतःला दिलं होतं.

मी त्या ऐनाच्या बुंध्याजवळ गेले. झाडाचा आकार विचित्र होता. पुरुषभर उंचीवर खोडाला मुठीसारख्या जाड गाठी, एकीवर एक. प्रत्येक गाठीतून बोटाएवढ्या, मनगटाएवढ्या सरळ फांद्या फुटलेल्या. शेंडा मात्र शाबूत. आजूबाजूची सगळी झाडं तशीच.

हे झाड मी ओळखायला हवं होतं. माझं माहेर जोहे. आमच्याकडे अर्धं गाव गणपतीच्या मूर्ती करतं, पण आमच्या घरी फक्त भात. दर उन्हाळ्यात भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही राब भाजायचो. म्हणजे झाडांच्या डहाळ्या, त्यावर शेण, त्यावर पालापाचोळा, वर माती, आणि मग आग. जमीन भाजते, तणाचं बी मरतं, राख खताला होते. या डहाळ्यांना आम्ही कवळ म्हणतो. वडील कवळ तोडायचे, त्याचे भारे मी डोक्यावर वाहिले आहेत. शाळेच्या सुट्टीचं माझं कामच ते होतं. आणि तीच मी, कॉम्प्युटरसमोर बसून, कवळ तोडलेल्या झाडांना ‘जंगलतोड’ असं नाव देऊन मोकळी झाले होते.

चूक काय झाली ते मला तिथेच, उभ्या उभ्या कळलं. जुना फोटो मी घेतला होता नोव्हेंबरातला, कारण तो तारखेच्या सर्वांत जवळचा आणि स्वच्छ होता. नोव्हेंबरात ऐन, किंजळ सगळे पानांनी भरलेले असतात, गवतही हिरवं. नवा फोटो होता एप्रिलच्या शेवटचा, कारण तोही स्वच्छ होता. एप्रिलच्या शेवटी कवळ तोडून झालेली असते, झाडं म्हणजे शेंड्यापुरती पानं उरलेले खुंट, उतार करपलेले. दोन्ही फोटो एकाच वर्षातले घेतले असते तरी मला ‘जंगल तोडलं’ असंच दिसलं असतं. मी दोन काळांची तुलना केलीच नव्हती. मी हिवाळ्याची तुलना उन्हाळ्याशी केली होती.

“मावशी, ही जमीन तुम्ही दरवर्षी करता?”

“आता करतो. आधी नाय करत व्हतो.”

“म्हणजे नवीनच शेती आहे?”

“तसं नाय गो.” तिने विळा खाली ठेवला. आता शिकवणी सुरू होणार, हे मी ओळखलं. “तीन उतार हायेत आमचं. ह्यो टेपाचा, त्यो वहाळावरचा, आनि पलीकडं करवंदीचा. आख्खी वाडी एका टायमाला एकाच उतारावं. होळीच्या दुसऱ्या दिशी जानती मानसं फिरतात नि ठरवतात. पयल्या साली झुडपं कापून दळी भाजायची, नाचनी. दुसऱ्या साली वरी. तिसऱ्या साली खुरासनी. मंग सोडायची. दुसऱ्या उतारावं जायचं. फिरून हितं येईपातुर सा वर्सं. तवर झाड वाढतं, पाला पडतो, मातीला दम येतो.”

“मग आता दरवर्षी का करता?”

“कायदा आला ना तुमचा.”

“कायदा तर जमीन द्यायला आला.”

“मानसं आली, म्हनाली कसती जमीन दाखवा. सोडलेली दाखवली तर म्हनतात, ह्ये तर जंगल हाय, तुमचं कुटं? मंग आमी तिन्ही उतारावं थोडं थोडं पेरतो. दरसाल. पिकत नाय, पन दिसतं ना!”

हे मी वहीत शब्द न् शब्द लिहून घेतलं. डोंगरातली झाडं कमी का होतात याची बरीच कारणं मी सेमिनारमध्ये ऐकली होती. लोकसंख्या, अज्ञान, गरिबी. जमीन आपली आहे हे सिद्ध करण्यासाठी ती विश्रांतीविना राबवावी लागते, आणि तेवढ्यासाठी झाडाला वाढू देता येत नाही, हे कारण कोणत्याच स्लाइडवर नव्हतं.

“मावशी, समजा तीनातला एकच उतार मिळाला तर?”

“चार सालात धोंडं वर येतील. मंग आमी विटभट्टीवर.” तिने विळा उचलला. “माझी दोन पोरं गेलीत आधीच. धाकटा हाय हितं, त्यो ऱ्हावा असं वाटतं.”

खाली रस्त्यावर इक्बालभाई जीप घेऊन थांबले होते. निडीजवळचे राहणारे, बारा वर्षं कुवेतला ड्रायव्हर होते, आता इथे आमच्यासारख्यांना फिरवतात. त्यांना डोंगरातली प्रत्येक वाट माहीत, आणि ती का झाली हेही. मी नकाशा बॉनेटवर पसरला. वहाळाच्या पलीकडचा डोंगर नकाशात गडद हिरवा होता. ‘दाट जंगल, बदल नाही.’ त्या फेरीत निदान एवढं तरी बरोबर असावं, अशी माझी इच्छा होती.

“तिकडे रस्ता जातो का, इक्बालभाई?”

“गेटापर्यंत जातो. आत वॉचमन सोडत नाय.”

“जंगलात वॉचमन?”

“जंगल कसलं मॅडम! आंब्याची बाग हाय ती. कलमं. आठ-नऊ वर्षं झाली.”

गेटापर्यंत गेलो. खरोखर बाग होती. डोंगराला जेसीबीने पायऱ्या पाडलेल्या, त्यावर ओळीत आंबे, मधे काजू. आंबा बारमाही हिरवा. एप्रिलमध्येही हिरवा. कॉम्प्युटरने त्याला जंगल म्हटलं आणि मी मान डोलावली होती.

“आधी काय होतं इथे?”

“जंगलच होतं. मालकीचं. आमच्या मामूंचं.” इक्बालभाई हसले. “असं बघू नका. मामू कुवेतला, आम्ही कुवेतला, डोंगर सांभाळणार कोण? आधी कोळशेवाल्याला झाडं विकली. मग हा रस्ता झाला. रस्ता झाला की तिसऱ्या महिन्यात गिऱ्हाईक येतं. मुंबईचं गिऱ्हाईक, त्याला सरकारी योजनेतनं फळबाग मिळत होती. बेकायदेशीर काय नाय. दुबईत म्हणे एक झाड लावायला इंजिनियर लागतो. इथे एक डोंगर काढायला ऑपरेटर पुरतो.”

म्हणजे हिशेब असा झाला. जिथे झाडं उभी होती तिथे माझा नकाशा म्हणत होता, तोडली. जिथे मुळासकट काढली तिथे म्हणत होता, जशीच्या तशी. नकाशा उलटा धरला असता तर जास्त बरोबर आला असता.

दुसऱ्या दिवशी मी साठे सरांसमोर बसले. हे आमच्या कंपनीचे मालक. माणूस वाईट नाही. पण छापून बाइंडिंग झालेल्या कागदावर त्यांचा फार विश्वास.

“रिपोर्ट गेलाय,” ते म्हणाले.

“चुकीचा गेलाय.”

“किती टक्के चूक?”

“टक्के नाहीत, सर. पद्धतच चुकली. माझीच चूक आहे.”

“तू तिथे जाऊन त्या लोकांशी बोललीस. साहजिक आहे, वाईट वाटतं. पण आपण—”

“वाईट वाटण्याचा प्रश्नच नाही. नोव्हेंबरची तुलना एप्रिलशी केली, हे चूक की बरोबर?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. “चूक.”

“मग?”

“मग पुरावा आण. ‘ऐनाला गाठी आहेत’ असं मी प्रांतसाहेबांना सांगू शकत नाही. ते म्हणतील, गाठी सगळीकडे आहेत. मला त्या तारखेआधीची शेती दाखव. सॅटेलाइटवर.”

त्यांचं म्हणणं रास्त होतं. मला एप्रिल-मेचा, पुराच्या वर्षीचा किंवा त्याआधीचा फोटो हवा होता. पहिल्या वर्षी दळी, म्हणजे उतारावरचं डोंगरी शेत, भाजतात तेव्हा आख्खा उतार काळा होतो. तो काळा डाग फोटोत दिसायला हवा. आमच्या नकाशाचा एक ठिपका म्हणजे जमिनीवर तीस मीटर बाय तीस मीटर, साधारण नऊ गुंठे. एवढा डाग पकडता येतो.

फोटो शोधायला मला लांब जावं लागलं नाही. तो माझ्याच कॉम्प्युटरवर होता. काम सुरू करताना मी ठरलेल्या तारखेच्या आसपासचे सगळे फोटो चाळले होते आणि खराब निघाले ते ‘बाद’ नावाच्या फोल्डरमध्ये टाकले होते. त्यात पुराच्या वर्षीचा मे महिन्याचा फोटो होता. शेजारी माझ्या हाताने कारण टाइप केलेलं: ‘धूर’.

डोंगरावर एक निळसर पांढरा पट्टा पसरला होता. मी तो ढगासारखाच अडथळा समजले होते. खालचं दिसत नाही, म्हणून बाद. तो धूर कशाचा, हा प्रश्न मी विचारला नव्हता. मे महिन्यात, त्या डोंगरात, वारा नसताना, एका उतारावरून वर जाणारा धूर. तो दळी भाजल्याचा होता. जो पुरावा मी शोधत होते, तोच मी खराब फोटो म्हणून फेकला होता.

आता जरा तंत्राचं. सॅटेलाइट आपल्यासारखा एकाच नजरेने पाहत नाही. तो एकाच वेळी सात-आठ प्रकारच्या उजेडात फोटो काढतो. डोळ्यांना दिसणारा उजेड धुरात अडकतो. पण इन्फ्रारेड, म्हणजे तांबड्याच्या पलीकडचा, डोळ्याला न दिसणारा उजेड, त्यातला काही भाग पातळ धुरातून आरपार जातो. मी तेवढाच काढून पाहिला. धूर नाहीसा झाला. खाली टेपाचा उतार काळाकुट्ट, कडा स्पष्ट. त्यावर एकतीस दाव्यांच्या पट्ट्या ठेवल्या. टेपावरच्या सगळ्या बसल्या.

साठे सर माझ्या खुर्चीमागे उभे राहून बघत होते. “एक उतार झाला,” ते म्हणाले. “बाकीचे दोन?”

तोच अडचणीचा भाग होता. वाडी एका वेळी एकाच उतारावर. पुराच्या वर्षी टेप भाजला, म्हणजे बाकीचे दोन तेव्हा सोडलेले. ते मागच्या वर्षांत कधीतरी भाजले असणार. पण कधी? माझ्याकडे दहा-बारा वर्षांचे फोटो उपलब्ध होते. सगळे मागवून, सगळे तपासून, कुठेतरी काळा डाग सापडला असताच. पण मग कोणीही म्हणालं असतं, डोंगराला वणवा दरवर्षी लागतो. तुम्ही तुम्हाला हवा तो वणवा निवडलात. हा आक्षेप मीच घेतला असता.

म्हणून मी पुन्हा वाडीवर गेले. चांगुणामावशी आणि तिची जाऊ येसूबाई नाचणी झोडपत होत्या. मी म्हटलं, “मला कोणत्या साली कोणता उतार भाजला ते सांगा. मी फोटो अजून बघितलेले नाहीत. आधी तुम्ही सांगायचं, मी लिहिणार, तुमचा अंगठा घेणार. मग बघणार.”

“आनि चुकलं तर?”

“चुकलं तर चुकलं, असं लिहीन.”

“लई कडक हाय गो ही,” येसूबाई म्हणाली.

“कडक हाय म्हून तर आली परत,” मावशी म्हणाली. “लिव. पूर आला त्या साली टेप. त्ये तर तुला ठावंच हाय. त्याच्या आदी तीन साल करवंदी.”

“करवंदी पहिल्यांदा कधी भाजली?”

“माज्या थोरल्या लेकीचं, थोरीचं, लगीन झालं तवा.”

“कोणत्या साली झालं?”

“माज्या हातात काय कॅलेंडर व्हतं?”

“गो, तवा आपल्याकडं एसटी सुरू झाली,” येसूबाई म्हणाली. “वऱ्हाड एसटीनं आलं. पयल्यांदा.”

“एसटी आदी आली. लगीन मागनं.”

“नाय. लग्नाला आली.”

“तुजा नवरा ऐनावरनं पडला कवा? कवळ तोडताना?”

“त्यो वहाळावर पडला.”

“मंग वहाळ लग्नाच्या आदी! पडला तवा थोरी घरात व्हती, पानी तिनं दिलं त्याला.”

“त्ये खरं. मंग वहाळ, मंग करवंदी, मंग टेप.” येसूबाईने सूप आपटलं. “आनि त्यो अजून लंगडतोय, त्ये पन लिव फोटूत.”

दोन तास असं चाललं. शेवटी माझ्याकडे यादी झाली. पुराचं साल धरून मागे तीन वर्षांवर करवंदी, त्याच्या मागे तीन वर्षांवर वहाळ. दोघींचे अंगठे घेतले. तो कागद स्कॅन करून मी त्याच संध्याकाळी साठे सरांना ईमेल केला, म्हणजे तारीख आणि वेळ पक्की राहिली. मग नेमके त्या दोन वर्षांचे मे महिन्याचे फोटो मागवले. शेजारच्या वर्षांचेही, पडताळ्यासाठी.

वहाळाचा उतार बरोबर त्याच वर्षी काळा होता. करवंदीचा एक वर्ष चुकला. तिने सांगितलं होतं त्याच्या आदल्या वर्षी तो काळा होता, सांगितलेल्या वर्षी नाही. मी ते तसंच लिहिलं. म्हणजे एसटीवरून झालेल्या वादात बहुधा दोघीही थोड्या थोड्या चुकल्या होत्या.

आणखी एक गोष्ट निघाली. करवंदीच्या वर, डोंगराच्या खांद्याजवळ आणखी तीन जादा पट्ट्यांचे दावे होते. त्या कोणत्याच वर्षी काळ्या नव्हत्या. पुराच्या आधी तिथे सलग जंगल होतं, त्यानंतर दोन वर्षांनी पहिल्यांदा भाजलेलं. त्या खरोखर नवीन होत्या. त्यातली एक पट्टी चांगुणामावशीच्या धाकट्या मुलाच्या नावावर होती.

हे तिला सुनावणीच्या दिवशी कळावं, असं मला नको होतं. मी वाडीवर जाऊन सांगितलं. “तुमच्या तिन्ही पट्ट्या बसतात. पण पोराची वरची बसत नाही. मी ती लाल ठेवणार आहे.”

ती नाचणीचं भूस वाऱ्यावर टाकत राहिली. मी निघायला वळले तेव्हा म्हणाली, “त्यो इरेला पेटला व्हता. सगळी करतात, मी पन करतो म्हनला. मी म्हनलं व्हतं, वरचं झाड नको घेऊ, तिथनं वहाळाला पानी येतं.” मग सूप खाली ठेवून, “ठेव लाल. तुझं बाकीचं खरं मानतील.”

सुनावणीला मी आणि साठे सर दोघं गेलो. वाडीतली पंचवीसेक माणसं बाहेरच्या कट्ट्यावर बसली होती. प्रांतसाहेबांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले.

“हा तुमचाच. हाही तुमचाच?”

“हो.”

“पहिला का बदलला?”

“पहिला चुकीचा होता.”

“कोणी केला होता?”

“मी.”

साठे सरांनी खुर्चीत जागा बदलली. प्रांतसाहेबांनी पानं उलटली. “आणि हा बायकांच्या अंगठ्यांचा कागद कशाला?”

मी सांगितलं. फोटो बघण्याआधी घेतलेला आहे, ईमेलची तारीख बघा, फोटो मागवल्याची तारीख बघा. एक साल बरोबर, एक साल एकाने चूक.

“एकाने चूक आहे, हे तुम्हीच लिहिलंय.”

“दोन्ही बरोबर असती तर मला स्वतःलाच शंका आली असती.”

ते पहिल्यांदा हसले. मग धुराचा फोटो हातात घेतला. “हा तर खराब आहे.”

“म्हणूनच उपयोगाचा आहे,” साठे सर म्हणाले. हे वाक्य त्यांनी नंतर अनेक मीटिंगमध्ये वापरलं आहे, जणू त्यांनाच सुचलं होतं. माझी हरकत नाही.

त्या दिवशी निकाल लागला नाही. सरकारी काम. पुन्हा स्थळपाहणी झाली, आणखी दोन तारखा पडल्या. पण शेवटी एकतीस कुटुंबांना तिन्ही उतारांचे कागद मिळाले, आणि वरच्या तीन पट्ट्या नामंजूर झाल्या. आंब्याच्या बागेचं काही झालं नाही. होणारही नव्हतं, ती मालकीची जमीन. मात्र नकाशात तिचा रंग मी बदलला. आता ती बाग म्हणून दिसते. एवढंच माझ्या हातात होतं.

या कामानंतर मी ऑफिसात दोन नियम केले. तुलना करायची तर एकाच महिन्याची. आणि फोटो बाद करायचा तर ‘धूर’ असं लिहून थांबायचं नाही, कशाचा धूर तेही लिहायचं. शिवाय आमच्या नकाशांना आणखी एक रंग आला, फिकट पिवळा, ‘फिरती दळी’. जंगल आणि शेती यांच्या मधलं काहीतरी असतं, हे मान्य करायला एक रंग लागतो. तो आमच्याकडे नव्हता म्हणून आम्ही एकतीस घरांना चोर ठरवणार होतो. आमच्या धंद्यात बहुतेक चुका यंत्र करत नाही. रंगांची यादी ज्याने केली तो करतो.

मागच्या वर्षी दुसऱ्या कामाने तिकडे गेले होते. इक्बालभाईंनी जीप विकून इको घेतली आहे. वाडीवर थांबलो. मावशी आता थकली आहे, पण शेतावर जाते. धाकटा इथेच आहे. येसूबाईचा नवरा अजून लंगडतो. मी टॅब काढून तिला त्याच वर्षीच्या एप्रिलचा फोटो दाखवला. टेप भाजलेला, काळा. वहाळ आणि करवंदी सोडलेल्या, झाडं वाढलेली, कॉम्प्युटरने दोन्हींना बिनधास्त ‘जंगल’ म्हटलेलं. वरच्या तीन पट्ट्याही भरून आलेल्या.

“सोडलीत परत?”

“कागद हाय ना आता. कोनाला दाखवायला पेरायचं?” तिने टॅब डोळ्यांजवळ धरला. “ह्ये हिरवं म्हंजे आमचं रान?”

“हो. फोटो म्हणतो, हे सगळं जंगल आहे.”

“मंग परत घेनार काय?”

“नाही. आता घेता येत नाही.”

“मंग म्हनू दे,” म्हणत तिने टॅब मला परत दिला आणि नाचणीकडे वळली.